वर्गात हवामानाचा नकाशा: थेट हलता की आधी उतरवलेला?

चौथी-पाचवीला हवामानाचा नकाशा शिकवायचा तर शिक्षकापुढे सध्या दोन वाटा असतात. एक, स्मार्ट टीव्हीवर 'विंडी' या हवामानाच्या संकेतस्थळासारखा हलता नकाशा थेट लावायचा. दुसरी, हवामान विभागाची इन्सॅट उपग्रहचित्रं आदल्या दिवशी उतरवून (डाउनलोड करून) घ्यायची आणि प्रोजेक्टरने पांढऱ्या फळ्यावर एकामागून एक दाखवायची. बेळगाव-खानापूर-निपाणी भागातल्या शाळांसाठी माझा कल दुसरीकडे आहे. पहिली वाट टाकाऊ आहे असं मात्र मी म्हणणार नाही.

विंडीवर वारा दिसतो, ही तिची खरी ताकद. जूनमध्ये अरबी समुद्रावरचा वारा गोवा ओलांडून घाटाला कसा भिडतो, हे मुलांना तोंडी सांगावं लागत नाही. तास सुरू होण्याआधी रंगपट्टीवरच्या एककावर टिचकी मारून नॉट्सचे (वाऱ्याच्या वेगाचं सागरी एकक) ताशी किलोमीटर करून ठेवा, एवढंच.

माझ्यासाठी निकाल लावला तो एका गोष्टीने. विंडीवर नेहमी दिसणारा निळा पाऊस हा पडलेला पाऊस नसतो, तो संगणकाने काढलेला अंदाज असतो. हा अंदाज नकाशाच्या एकेका चौकटीसाठी काढतात: युरोपीय संगणक-मॉडेलची चौकट साधारण 9 किलोमीटरची, जीएफएस या अमेरिकन मॉडेलची साधारण 22 किलोमीटरची. आपल्याकडे कणकुंबी-जांबोटीत धो धो कोसळत असताना बेळगाव शहरात नुसती भुरभुर असते. एवढ्या जवळजवळचा फरक त्या चौकटीत नीट मावत नाही. वर नकाशा मोठा केला की रंग सफाईने पसरतात आणि मुलांना वाटतं, आपली गल्लीसुद्धा दिसतेय. मग नकाशावर पाऊस, खिडकीबाहेर ऊन, आणि प्रश्न येतो: "सर, नकाशा खोटं सांगतो काय?" अंदाज आणि निरीक्षण यांतला भेद नऊ-दहा वर्षांच्या मुलांना पहिल्याच तासाला उलगडून सांगणं फार अवघड जातं. विंडीत उपग्रहाचा स्तरही आहे, पण इंटरनेट आणि वीज दोन्ही ऐन पावसाळ्यातच दगा देतात.

उतरवलेल्या चित्रांना इंटरनेट लागत नाही, आणि वीज गेली तर त्यांच्या छापील प्रती पुरतात. अर्ध्या-अर्ध्या तासाची सहा चित्रं घ्या. सगळी एकाच चौकटीत कापा: मुंबई ते मंगळूर, पूर्वेला विजापूरपर्यंत. चौकट बदलली तर ढग सरकले की चित्र सरकलं, हेच कळत नाही. वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) असेल तर साडेपाच तास मिळवून फाईलच्या नावात लिहा. 06:00 म्हणजे आपले सकाळचे 11:30. पहिलं चित्र फळ्यावर पडलं की मुलांकडून किनारपट्टी काळ्या मार्करने गिरवून घ्या, बेळगावला ठिपका द्या. पुढे प्रत्येक चित्रात ढगांची कड नव्या रंगाने. प्रोजेक्टरचं टेबल जरा हललं तरी सगळ्या रेषा चुकतात, म्हणून त्याच्या पायांभोवती खडूने खुणा करून ठेवा.

या चित्रांचीही एक खोड आहे. इन्फ्रारेड, म्हणजे उष्णता टिपणाऱ्या चित्रात पांढरं दिसतं ते थंड, म्हणजे उंचावरचं. घाटमाथ्यावरचा पुष्कळसा पाऊस ठेंगण्या, उबदार ढगांतून पडतो आणि ते ढग नुसते करडे दिसतात. उलट, उंचावरचे पातळ ढग पांढरेशुभ्र दिसूनही थेंब पाडत नाहीत. म्हणून दिवसाचं दृश्य प्रकाशातलं एक चित्र सोबत ठेवावं. रात्रीचं घेऊ नका, ते काळंच येतं.

खरा ताळा पर्जन्यमापकाचा. दोन लिटरची बाटली वरचा निमुळता भाग संपून बाजू सरळ होतात तिथे कापा आणि वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ खाचखळग्यांचा असतो, म्हणून तळाकडून बाजू सरळ होतात तिथपर्यंत खडे आणि पाणी भरा आणि तिथे शून्याची खूण करा. तिथून वर साध्या पट्टीचे मिलिमीटर चालतात. हवामान विभाग सकाळी 8:30 ला मागच्या चोवीस तासांचा पाऊस नोंदवतो. शाळेची वेळ वेगळी असली तरी रोज एकच ठेवा. 64.5 मिलिमीटरच्या पुढे गेला तर तो विभागाच्या हिशेबी जोरदार पाऊस. जमलं तर अथणीकडच्या एखाद्या शाळेचा त्याच दिवसाचा आकडा फोनवरून मागवून त्याच फळ्यावर लिहा. घाटाच्या पूर्वेला पाऊस कसा कमी होत जातो ते मुलं स्वतःच बोलून दाखवतात.

सहावी-सातवीला मात्र विंडी जरूर उघडा. तोवर मुलांनी पडलेला पाऊस स्वतः मोजलेला असतो, तेव्हा अंदाज कुठे चुकला हे शोधणं हाच एक चांगला तास होतो.