व्हेंडरला एकच प्रोजेक्ट दाखवायचाय : जिरा की रेडमाइन?

जिरा आणि रेडमाइन ही दोन्ही कामांची नोंद आणि पाठपुरावा ठेवायची सॉफ्टवेअर. आमचा कारखाना भोसरीत, डायचं (साच्याचं) डिझाइन करणारा व्हेंडर कोइमतूरला. त्याला जिरावर एका प्रोजेक्टात घेतलं, रोल (कुणाला काय करता येईल हे ठरवणारी भूमिका) दिला, एकदा तपासलं आणि विसरून गेलो. दोन महिन्यांनी त्याचाच फोन : "सर, 'डाय कोटेशन' म्हणून एक प्रोजेक्ट आम्हाला दिसतोय. मुद्दाम दाखवलाय का?" त्यात त्याचे आणि आणखी दोघांचे दर शेजारी-शेजारी मांडलेले. त्याने ते वाचले का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

चूक आमचीच. पर्चेसमधल्या कुणीतरी नवा प्रोजेक्ट उघडून ॲक्सेस 'ओपन' ठेवला होता. ओपन म्हणजे साइटवर लॉगिन असलेला कुणीही, आणि व्हेंडरला लॉगिन आपणच दिलेलं. कंपनी-मॅनेज्ड (ॲडमिनच्या हातातल्या) प्रोजेक्टातही मूळ परमिशन स्कीम, म्हणजे परवानग्यांची यादी, 'ब्राउझ प्रोजेक्ट्स' (प्रोजेक्ट बघायची परवानगी) लॉगिन असलेल्या सगळ्यांना देते. ते काढून रोलवर आणता येतं, मान्य. पण जिरात परवानगी देता येते, नाकारता येत नाही. 'हा एक सोडून बाकी सगळे' असं सांगायची सोयच नाही. एका पाहुण्यापायी सगळ्या खोल्यांची कुलपं बदलायची.

रेडमाइनही धुतल्या तांदळाचा नाही. तिथे नवा प्रोजेक्ट मुळात पब्लिकच, म्हणजे सगळ्यांना दिसणारा असतो. पण ॲडमिनच्या सेटिंगमधली ती एक टिक काढली की पुढचे सगळे खासगी. जुन्यांची एकेक करून काढावी लागते. आमचे 23 होते, चहा गार व्हायच्या आत झाले. मग सदस्य असेल त्यालाच दिसतं.

माझं मन वळलं ते मात्र नावांच्या यादीवरून. रेडमाइनमध्ये व्हेंडरचा वेगळा रोल करून त्याला फक्त त्याच्या प्रोजेक्टातलीच माणसं दिसतील असं ठेवता येतं. दुसऱ्या व्हेंडरचा इंजिनिअर आमच्याकडे आहे, हेसुद्धा त्याला कळायला नको होतं. जिरात युजर बघायची परवानगी साइटभर असते. काढून घेतली तर बिचाऱ्याला आमच्या माणसालाही टॅग करता येत नाही.

बोर्ड, मोबाइल ॲप, ऑटोमेशन यांत जिरा कितीतरी पुढे आहे. रेडमाइनचा सर्व्हर आणि बॅकअप सहसा आपल्यालाच सांभाळावा लागतो, तेव्हा आयटीला माणूस नसेल तर जिराच बरा. फक्त व्हेंडरच्या प्रत्येक लॉगिनमागे लायसन्स धरा. आणि फ्री प्लॅनवर परमिशन बदलताच येत नाहीत, त्यामुळे तिथे बाहेरच्याला घेऊच नये असं मला वाटतं.

काहीही निवडलंत तरी व्हेंडरच्याच रोलचं एक डमी लॉगिन करून ठेवा. (जिरात त्यालाही लायसन्स जातं.) मी दर सोमवारी त्यातून शिरून प्रोजेक्टांची यादी उघडतो. रेडमाइनवर आल्यापासून तिथे एकच नाव दिसतंय.