विश्रामबागेतल्या दुकानातला ताडगूळ: घ्या, पण गाळून घ्या
सांगलीत राहून बाहेरचा गूळ विकत आणला म्हणून घरात आधी बोलणी बसली, पण चहात टाकल्यावर सगळे गप्प. हा तामिळनाडूचा उडनगुडीकडचा ताडगूळ, तिकडं करुपट्टी म्हणतात. रंग जवळजवळ काळा, वास धुराचा, गोडी आपल्या ढेपेपेक्षा खोल आणि मागं किंचित खारट चव राहते. खडे अर्ध्या नारळासारखे, कारण पाक करवंटीत ओततात. तळाला बारीक कचकच लागते त्यामुळं पाण्यात विरघळवून गाळायचाच, डायरेक्ट दुधात टाकू नका.

पॅकिंग चांगलं, भाव जास्त आहे पण मला पटला, फक्त लेबल नाही पटलं. त्यावर झाडावर चढलेला गडी तेवढा दाखवलाय. चढणं जिवावरचं काम आहे हे खरंच, सकाळ-संध्याकाळ चढून आतून चुना लावलेली, ताडाच्या रसानं भरलेली मडकी उतरवायची. पण तो रस लगेच चुलीवर गेला नाही तर आंबतो, आणि तासन् तास धुरात बसून आटवायचं, पाक कधी उतरवायचा ते ओळखायचं, हे तिकडं बहुतेक घरात बायकाच करतात. म्हणजे चव त्यांच्या हातची! आपल्याकडं उलटं, गुऱ्हाळात काहिलीपाशी पाक बघणारा कारागीर, म्हणजे गुळव्या, बहुतेक पुरुषच, बायका चिपाडं वाळवायला. बाईला पाक कळतो हे तिकडं रोज दिसतंय, मग आपल्याकडं तिला गुळव्याची मजुरी का मिळू नये?

दुकानदारांना लेबलाचं बोललोय, कंपनीला कळवतो म्हणाले. गूळ मात्र परत घेणार.