‘हर्बल’ थेंब, वार्षिक पॅकेज आणि आमची मांजर

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत गेल्या पावसाळ्यात ‘पाळीव प्राण्यांची मोफत तपासणी’ या नावाने एक शिबिर भरले होते. त्यात पिसवांचे औषध म्हणून काय विकले गेले आणि पुढे काय झाले, हे तपशीलवार लिहीत आहे, कारण ती मंडळी नाव बदलून अजून शहरात फिरत आहेत आणि क्लब हाऊसमध्ये टेबल मांडायला त्यांना कुठलीही कमिटी चटकन परवानगी देते.

आमच्या घरी शेरू नावाचा कुत्रा आणि मनी नावाची मांजर आहे. श्रावणात दोघेही सारखे खाजवू लागले होते. शिबिरातल्या तरुणाने खिशातून बारीक दातांची फणी काढली, शेरूच्या शेपटीच्या मुळाशी दोन-चारदा फिरवली आणि फणीत अडकलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर झटकले. थोड्याच वेळात प्रत्येक कणाभोवती विटकरी रंगाचे वर्तुळ पसरले. “काका, ही माती नाही, हे तुमच्या कुत्र्याचं रक्त आहे,” असे तो म्हणाला, आणि त्यात काहीही खोटे नव्हते. पिसूची विष्ठा म्हणजे पचलेले रक्तच असते, त्यामुळे ती ओली झाली की तांबूस रंग सोडते. ही परीक्षा पशुवैद्यही करतात आणि घरी कोणालाही करता येते. खऱ्या चाचणीने विश्वास मिळवायचा आणि त्याच विश्वासावर खोटा माल खपवायचा, हा या धंद्यातला सर्वांत बेरकी भाग आहे, असे माझे मत आहे.

माल म्हणजे तपकिरी काचेची ड्रॉपरची बाटली. तिच्यावरच्या चिकटपट्टीवर ‘इम्पोर्टेड’ आणि ‘हर्बल’ हे दोन्ही शब्द होते, पण उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत संपण्याची तारीख यांपैकी काहीही नव्हते. घटकांच्या जागी फक्त ‘नैसर्गिक अर्क’ असे छापलेले होते. कुत्र्याला दहा थेंब, मांजरीला पाच, मानेच्या मागे. मांजरीला चालेल का, असे माझ्या पत्नीने स्पष्ट विचारले, तेव्हा “काकू, लहान बाळानं चाटलं तरी काही होणार नाही” असे उत्तर मिळाले. बाटलीबरोबर घरात फवारणी आणि वर्षभराची देखभाल मिळून साडेसात हजार रुपयांचे पॅकेज होते. पैसे यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यात गेले, ज्याचे नाव कार्डावरच्या व्यवसायाशी जुळत नव्हते. बिल मागितल्यावर एक गुळगुळीत सभासद कार्ड हातात ठेवण्यात आले.

पहिले काही दिवस पिसवा खरोखरच कमी झाल्या, नंतर पुन्हा दिसू लागल्या. फोन केला तेव्हा “घरात इन्फेक्शन फार आहे, स्ट्राँग डोस लागेल” असे सांगून आणखी पैसे मागितले गेले. इथे पिसूचे जीवनचक्र समजून घेणे आवश्यक आहे, कारण ही सगळी फसवणूक त्यावरच उभी आहे. प्राण्याच्या अंगावर दिसणाऱ्या प्रौढ पिसवा हा घरातल्या एकूण प्रादुर्भावाचा साधारण पाच टक्के भाग असतो आणि उरलेला अंडी, अळ्या आणि कोष यांच्या रूपाने गालिच्यात, सोफ्याच्या खाचांत आणि प्राण्याच्या अंथरुणात दडलेला असतो. मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती अंगावरून घरभर गळतात. कोषातल्या पिसूपर्यंत फवारणी फारशी पोहोचत नाही. ती आत महिनोन्‌महिने थांबू शकते आणि ऊब, हादरा किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. म्हणजे औषध उत्तम असले तरी काही आठवडे नव्या पिसवा दिसत राहणारच. प्रामाणिक डॉक्टर हे आधीच सांगून ठेवतात. विक्रेता मात्र ते सांगत नाही आणि प्रत्येक नव्या पिसूबरोबर नवी रक्कम मागतो. कोषातल्या पिसवा ही त्याची मुदत ठेवच असते म्हणा ना!

‘स्ट्राँग डोस’ आम्ही नाकारला, पण जुन्या बाटलीतले ठरलेले थेंब चालू होते. एका संध्याकाळी ते टाकल्यानंतर रात्री मनीचे कान आणि मिशांजवळची कातडी फडफडू लागली, मग पाय थरथरू लागले आणि तिला नीट उभेही राहता येईना. रात्रभर चालू असलेल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की, अंगावर कुत्र्याचे औषध टाकले आहे का. त्यांनी भांडी घासायच्या लिक्विडने कोमट पाण्यात तिची मान आणि पाठ धुतली, थरथर थांबवण्याचे इंजेक्शन दिले आणि सलाइन लावले. बाटलीत नेमके काय आहे ते प्रयोगशाळाच सांगू शकेल, परंतु लक्षणे पर्मेथ्रिन या कीटकनाशकाच्या विषबाधेची आहेत, असे त्यांनी केसपेपरवर लिहून दिले. मनी वाचली.

पर्मेथ्रिन कुत्र्यांच्या अनेक औषधांत असते आणि योग्य मात्रेत कुत्र्यांना ते चालते. मांजरीच्या यकृताला मात्र ते पुरेशा वेगाने निकामी करता येत नाही, त्यामुळे त्याचा परिणाम थेट मज्जासंस्थेवर होतो. नुकतेच असे औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणाऱ्या किंवा त्याला चाटणाऱ्या मांजरीलाही बाधा होऊ शकते. तेव्हा एकच बाटली दोघांनाही चालते, असे कोणी सांगू लागला की त्याचे पुढचे बोलणे ऐकण्यात अर्थ नाही. अधिकृत स्पॉट-ऑन (म्हणजे कातडीवर थेंब टाकायचे) औषध एकाच मात्रेच्या सीलबंद पिपेटमध्ये, म्हणजे छोट्या नळीत, येते आणि प्राणी कोणता, वजन किती ते किती किलो, हे पाकिटावर छापलेले असते. ‘नैसर्गिक’ या शब्दानेही हुरळून जाऊ नये, कारण टी ट्री तेल मांजरीला विषारी आहे आणि पिसवांवर उपाय म्हणून सुचवला जाणारा लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशींना अपाय करतो.

डॉक्टरांनी नंतर जे उपचार सुरू केले ते साधे होते आणि वर्षाचा हिशोब मांडला तरी पॅकेजपेक्षा स्वस्त. शेरूला वजनानुसार चघळायची गोळी दिली. अशा गोळ्यांच्या वर्गातले फ्लुरालानर हे औषध सुमारे बारा आठवडे टिकते, तर अफोक्सोलानर आणि सारोलानर महिनाभर. कुत्र्याला पूर्वी फिट आली असेल तर ते आधीच सांगावे, कारण या वर्गाच्या औषधांमुळे काही प्राण्यांना झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये दिला होता. मनी पूर्ण बरी झाल्यावर तिला मांजरांसाठीचे फिप्रोनिल हे पिसवांचे औषध दिले. (हेच फिप्रोनिल सशांना घातक आहे, म्हणून घरी ससा असेल तर डॉक्टरांना तेही सांगावे.) दोघांनाही जंताचे औषध मिळाले, कारण अंग चाटताना पिसू गिळली गेली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातो. उरलेले काम झाडू आणि व्हॅक्यूमचे. अंथरुणे साठ अंश तापमानाच्या पाण्यात धुतली आणि व्हॅक्यूमची पिशवी दर वेळी लगेच बांधून बाहेर टाकली. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोषातल्या पिसवा बाहेर येतात, त्यामुळे सुरुवातीला त्या वाढल्यासारख्या वाटतात. त्या काळात उपचार सोडायचे नसतात.

घरात झालेल्या फवारणीबद्दलही एक गोष्ट नंतर कळली. कीटकनाशक कायदा १९६८ नुसार नोंदणी झालेल्या प्रत्येक कीटकनाशकाच्या डब्यावर विषारीपणा दाखवणारी लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी चौकट असते. आमच्याकडे आलेल्या माणसाच्या पंपात रॉकेलसारखा वास येणारा द्रव होता आणि तो त्याने पाण्याच्या साध्या बाटलीतून ओतला होता.

पैसे परत मागितल्यावर आधी ‘साहेब बाहेरगावी आहेत’ झाले, मग फोन लागेनासा झाला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, परवाना क्रमांक नसलेल्या औषधाबद्दल अन्न व औषध प्रशासनाला लेखी कळवले आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात शुल्क लागत नाही, मात्र घटनेपासून दोन वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो. यूपीआयचा तपशील, सभासद कार्डाचा फोटो, दवाखान्याचा केसपेपर आणि उरलेल्या द्रवासह ती बाटली एवढा पुरावा आमच्याकडे आहे. सोसायटीतल्या आणखी काही घरांनी हेच पॅकेज घेतले होते, परंतु त्यांच्या बाटल्या केव्हाच कचऱ्यात गेल्या. ज्यांच्याकडे अशी बाटली अजून असेल त्यांनी ती प्राण्यावर वापरू नये आणि टाकूनही देऊ नये. झाकण घट्ट लावून, चिकटपट्टी न काढता ती बाजूला ठेवावी, कारण आत काय आहे हे तपासायचे झाले तर नमुना तेवढाच उरतो.