अमेरिकेचा निकाल इंदुरातून बघायचा तर कुणाच्या भरवशावर?

‘मीडिया विकला गेलाय’ हे मत इंदुरात पोहे-जिलेबीबरोबर फुकट मिळतं. २०१६ मध्ये ट्रम्प निवडून आले, तेव्हापासून ते अमेरिकेच्या बातम्यांनाही चिकटलं. पण विकलेला माल कोणता आणि नुसताच कच्चा कोणता, हे बघायच्या भानगडीत कुणी पडत नाही.

आधी अंदाजाच्या साइट. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या विरोधात उभ्या असलेल्या हिलरी क्लिंटन जिंकण्याची शक्यता फाइव्हथर्टीएटने सुमारे ७१ टक्के धरली होती, न्यूयॉर्क टाइम्सने ८५, हफिंग्टन पोस्टने ९८ आणि प्रिन्सटनच्या सॅम वांग यांनी ९९. निकालानंतर चौघांनाही एकाच काठीने झोडपलं गेलं. खरं तर ७१ टक्के म्हणजे चारात एकदा तरी उलटं होणार, हे सांगूनच झालं होतं. फसले ते ९८-९९ वाले, आणि त्याचं कारण साधं आहे. एका राज्यात जनमत चाचणी चुकली तरी शेजारच्या राज्यात ती बरोबर येईल, असं त्यांच्या गणिताने जवळजवळ गृहीत धरलं होतं. पीठ एकदाच मळलेलं असेल तर शेवेचा सगळाच घाणा खारट होतो. विस्कॉन्सिन, मिशिगन आणि पेनसिल्व्हेनियात नेमकं तेच झालं. ट्रम्प यांना २४० च्या वर इलेक्टोरल मतं (राज्यवार ठरलेली, ज्यांतली २७० मिळाली की अध्यक्षपद) मिळाली तर किडा खाईन, असं वांग म्हणाले होते आणि सीएनएनवर त्यांनी तो खाल्लाही. आपल्या एक्झिट पोलवाल्यांकडून एवढी अपेक्षा नाही. फाइव्हथर्टीएट मार्च २०२५ मध्ये बंद पडलं. आता नवी साइट निवडताना ती आपले जुने अंदाज निकालाशेजारी मांडून दाखवते का, ते बघा. दाखवत नसेल तर सोडा.

जनमत चाचण्यांना पाचात तीन गुण. देशपातळीवर त्या बऱ्या होत्या: सरासरी आघाडी साधारण तीन टक्क्यांची, प्रत्यक्षात क्लिंटन यांना २.१ टक्के मतं जास्त पडली. राज्यांत मात्र घोळ झाला. विस्कॉन्सिनमध्ये सरासरी साडेसहा टक्क्यांची आघाडी दिसत होती आणि तिथे क्लिंटन २२,७४८ मतांनी हरल्या. पदवीधर माणसं सर्वेक्षणाला जास्त उत्तरं देतात. अनेक राज्य-चाचण्यांनी शिक्षणानुसार भार दिलाच नव्हता, म्हणजे पदवीधरांच्या जादा उत्तरांचं वजन कमी केलंच नव्हतं. शिवाय शेवटच्या आठवड्यात मन ठरवणारे बरेच ट्रम्पकडे वळले. आणखी एक गोम: ६०० जणांच्या चाचणीत चूक अधिक-उणे चार टक्के असते ती एकेका उमेदवाराच्या आकड्यात. दोघांतल्या फरकाला ती जवळपास दुप्पट धरायची. बातमीत हे क्वचितच लिहितात.

पैसे वसूल होतात ते असोसिएटेड प्रेस (एपी) या वृत्तसंस्थेच्या निकालाच्या नकाशावर, आणि तो फुकट आहे. अमेरिकेत आपल्यासारखा निकाल जाहीर करणारा केंद्रीय निवडणूक आयोग नाही. तिथे ही संस्था १८४८ पासून मतं मोजत आली आहे. २००० च्या अध्यक्षीय निवडणुकीत वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य आधी गोर यांना, मग बुश यांना देऊन दोन्ही वेळा माघार घेतली. एपीने बुश यांना फ्लोरिडा दिलाच नाही. नकाशा बघताना रंगाआधी ‘किती टक्के मोजणी झाली’ हा आकडा बघा. पेनसिल्व्हेनियात टपाली पाकिटं मतदानाच्या सकाळपर्यंत उघडता येत नाहीत. म्हणून २०२० मध्ये टपाली मतं मोजली जाण्याआधी तिथे ट्रम्प सहा लाखांहून जास्त मतांनी पुढे दिसले आणि शेवटी बायडेन ८०,५५५ मतांनी जिंकले. यालाच ‘रातोरात चोरी’ म्हटलं गेलं.

नेत्यांच्या दाव्यांना याच नकाशाशेजारी ठेवावं. २०१६ मध्ये लाखो बेकायदा मतं पडली, असं स्वतः जिंकलेले ट्रम्प म्हणाले. त्यासाठी नेमलेला आयोग जानेवारी २०१८ मध्ये पुरावा न देताच गुंडाळला गेला. उलट बाजूच्यांनाही शंका होतीच. विस्कॉन्सिनची फेरमोजणी झाली, तर ट्रम्प यांची आघाडी १३१ मतांनी वाढली.

टीव्हीवरची चर्चा बंद ठेवली तरी चालेल. वाहिनी पारखायचीच असेल तर २०२४ चा इंदूरचा निकाल तिने कसा दिला ते शोधा: नुसता पावणेबारा लाखांचा विजय सांगितला, की काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतल्याचं आणि ‘नोटा’ला पडलेल्या २,१८,६७४ मतांचंही सांगितलं?

वेळेचं एवढं लक्षात ठेवा: नोव्हेंबरात पेनसिल्व्हेनियाचं मतदान आपल्याकडे सकाळी साडेसहाला संपतं, विस्कॉन्सिनचं साडेसातला. २०१६ चा निकाल एपीने आपल्या घड्याळात दुपारी १२:५९ ला दिला होता, २०२० मध्ये शनिवार उजाडला. पहाटे उठून बसण्यात काही हशील नाही.