पॉवरलूमवाल्याच्या कानाने बघितलेले तीन हेडसेट

धुळ्यात आमचे घरचे पॉवरलूम आहेत, लहानपण सगळं त्या खटाखटीत गेलंय, त्यामुळे आवाज म्हणजे काय ते मला कोणी समजावू नये. आमचे नाना आयुष्यभर लूमवर होते, आता टीव्ही फुल्ल केल्याशिवाय त्यांना बातम्या ऐकू येत नाहीत आणि शेडमध्ये तर माणसं एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं ओळखतात. पस्तिशी उलटल्यावर मला पीपीएल, म्हणजे खाजगी विमान चालवायचं लायसन्स, करायची हौस आली (बायको म्हणते खाज आली), तेव्हा विमानापेक्षा कानाचीच धास्ती जास्त होती.

कारण हिशोब सोपा आहे. 85 डेसिबलला कानाला दिवसाचे आठ तास चालतात, त्यावर दर 3 डेसिबलला वेळ निम्मा करत जायचं, म्हणजे 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एकच. आणि सेसनासारख्या एका इंजिनच्या छोट्या विमानात आवाज 90 च्या पुढे आरामात जातो. गोंदूरला, म्हणजे धुळ्याच्या विमानतळावर, पहिल्या दिवशी मिळालेल्या कॉमन हेडसेटचं रबर फाटलेलं होतं, उतरलो तर गाडीतसुद्धा कान वाजत होते. त्याच रात्री ठरवलं की स्वतःचा घ्यायचा.

पहिला घेतला सेकंडहँड डेव्हिड क्लार्क एच10-13.4, तोच हिरव्या वाट्यांवाला. नासाच्या जेमिनी मोहिमांतल्या अंतराळवीरांचे स्पेससूट ह्याच कंपनीने शिवले होते, आणि मालही तसाच, दगड. ह्यात बॅटरी नाही, इलेक्ट्रॉनिक करामत नाही, वाट्या कानावर घट्ट बसतात आणि आवाज अडतो, रेटिंग 23 डेसिबलचं. शिकणाऱ्या पोराला मी आजही हाच सांगेन कारण एएनआरवाल्यांच्या (बॅटरीवर आवाज मारणाऱ्या हेडसेटच्या) निम्म्याहून कमी पैशात येतो आणि सहज खराब होत नाही. पण माझं दुखणं वेगळं, मला चष्मा आहे. काडीमुळे वाटी आणि कातडीमध्ये जी फट राहते तिथून सगळा आवाज आत, आणि फट बुजवायला पट्टी आवळली की तासाभरात कानशिलं ठणकायला लागतात. त्यात मे महिन्यातलं धुळं, कॉकपिटात एसी नाही, घाम असा की वाटी घसरतेय. वाट्यांवर सुती कापडाचे कव्हर घाला, शिवून घेतले तरी चालतात, माझे आमच्याच लूमच्या कापडाचे आहेत.

मग एका मित्राकडून बोस ए30 आणि लाइटस्पीड डेल्टा झुलू असे दोन्ही मागून आणले, प्रत्येकावर दोन-दोन सॉर्टी (फेऱ्या) मारल्या, सोनगीरकडे जाऊन लळिंगच्या किल्ल्यावरून परत, म्हणजे रस्ता तोच, विमान तेच, फक्त डोक्यावरचं बदललं. एएनआर करतो काय तर आतला माईक आवाज पकडतो आणि त्याच्या बरोब्बर उलटी लाट कानात सोडतो, दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. हे जमतं ते इंजिन-पंख्याच्या जाड, एकसुरी घुंघुंवर. बारीक, तीक्ष्ण, अचानक आवाजाला वाटीच लागते, म्हणून "एएनआर आहे ना, मग सैल बसला तरी काय" असं म्हणू नका, सील गेलं की निम्मी मजा गेली. बाकी ही कल्पना अमर बोस ह्यांना 1978 मध्ये विमानातच सुचली होती, झुरिकहून बोस्टनला जाताना, आणि पायलटसाठीचा हेडसेट बाजारात यायला 1989 उजाडलं. मला वाटायचं बटण दाबलं की झालं, तर ते अकरा वर्षांचं काम.

ए30 मध्ये आवाज मारायच्या तीन लेव्हल आहेत. मी हाय वर लावतो, इन्स्ट्रक्टर मात्र मीडियम लाव म्हणतात, इंजिनचा सूर बदललेला कळला पाहिजे म्हणे. मला तर हाय वरही कळतो, उलट घुंघुं गेल्यावर बारीकसारीक कुरकुर जास्त ऐकू येते. पकड हलकी, चष्म्यावर दोन तास काही त्रास नाही. डेल्टा झुलूची गंमत म्हणजे त्यात कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर आहे, एक्झॉस्टला, म्हणजे इंजिनचा धूर बाहेर नेणाऱ्या नळीला, तडा गेला तर तो वायू केबिनमध्ये येतो आणि त्याला वास नसतो, माणूस नुसता सुस्तावतो. जानेवारीत धुळं 5-6 डिग्रीला उतरतं तेव्हा सकाळी हीटर लावणाऱ्यांनी हे मनावर घ्यावं, त्याची हवा एक्झॉस्टवरच तापते. शिवाय अॅपवर तुमच्या कानाची टेस्ट घेऊन तो आवाज त्या हिशोबाने जुळवतो. लूमच्या कानाला ह्याहून काय पाहिजे, सांगा. कुठला घ्यावा ह्या विचारात दोन दिवस झोप नाही.

शेवटी ए30 घेतला, लाखाच्या पुढचा मामला. चष्मा हे एक कारण, दुसरं म्हणजे साध्या पेन्सिल सेलवर चालतो, सेल कुठल्याही टपरीवर मिळतात. मोनॉक्साइडसाठी रंग बदलणारं स्वस्त कार्ड डॅशबोर्डला चिकटवलं. कानाची टेस्ट राहिली ती राहिलीच.

सेलवरून आठवलं, चूक माझीच, लाल दिवा दोन दिवस दिसत होता आणि मी उद्या-उद्या करत होतो. सोलोत, म्हणजे एकटाच उडवताना, पांझरा नदीवर असताना एकदम धडाम आवाज वाढला, मला वाटलं इंजिनच गेलं, हात थ्रॉटलवर, घामाच्या धारा, सगळे काटे जागच्या जागी. नुसता एएनआर बंद पडला होता, रेडिओ चालूच होता, टॉवर निवांत बोलत होता. तेव्हापासून शर्टाच्या खिशात दोन सेल कायम.

घेताना पिना बघा. विमानाला दोन लागतात, जाड ऐकायची आणि बारीक माईकची, हेलिकॉप्टरची एकच असते. ऑनलाइन एका दुकानदाराने मला आधी हेलिकॉप्टरवालाच पाठवला, परत करताना महिना गेला.

परवा शेडमध्ये सहज नानांच्या डोक्यावर घातला आणि बटण दाबलं. वीस लूम चालू. नाना इकडेतिकडे बघत ओरडले, "मोटर बंद करी दिधी का रे?" मग समोरचा धोटा पळताना बघून गप्प झाले. जरा वेळाने काढून हातात तोलला, किंमत विचारली. मी बारा हजार सांगितली.