शेपटीतले सोळा ग्रॅम : बाल्सा ट्रेनर किटचा आठ महिन्यांचा अनुभव

बाल्साच्या हलक्या लाकडातून रेडिओने उडवायचे शिकाऊ मॉडेल विमान बनवण्याच्या, दीड मीटर पंखांच्या या ट्रेनर किटविषयी मी डिसेंबरातच लिहिले असते, तर त्यात बहुतेक स्तुतीच आली असती. लेझरने कापलेले भाग इतके नेमके होते, की धडाच्या चौकटी गोंदाचा थेंबही न लावता एकमेकींत बसून उभ्या राहिल्या. मोटर, स्पीड कंट्रोलर, शेपटी-पंखांचे हलते भाग फिरवणारे ९ ग्रॅमचे सर्वो आणि तीन सेलची २२०० एमएएच बॅटरी जुन्या फोमच्या विमानातून काढून यात बसवल्यामुळे खर्च केवळ किटचाच झाला, याचेही मला समाधान होते.

खटका उडाला तो सीजीवरून, म्हणजे विमान ज्या बिंदूवर समतोल राहते त्या गुरुत्वमध्यावरून. पुस्तिकेत तो पंखाच्या पुढच्या कडेपासून ७२ मिमी मागे, म्हणजे २४ सेंमी रुंदीच्या पंखाच्या ३० टक्क्यांवर सांगितला आहे. मात्र बॅटरी थेट फायरवॉलला, म्हणजे नाकातल्या मोटरमागच्या चौकटीला, टेकवूनही बोटांवर तोललेले विमान शेपटीकडेच झुकत होते. छापलेला आकडाच चुकला असावा असे परस्पर ठरवून मी विमान तसेच उडवले. जमीन सोडताच नाक वर गेले, एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा हलता भाग) पूर्ण खाली देऊनही ते खाली येईना, आणि स्टॉल झालेले, म्हणजे पंखांची उचल संपलेले, विमान डाव्या पंखावर आपटून १० बाय ५ चा प्रोपेलर व पुढचे चाक कामातून गेले.

विक्रेत्याचे पहिले उत्तर ‘बॅटरी पुढे सरकवा’ असे होते. बॅटरी फायरवॉलला टेकलेली आहे हे दाखवणारा फोटो पाठवल्यावर ‘लाकूड नैसर्गिक असते, फरक पडणारच’ असे दुसरे आले. शेवटी मोटारीची चाके बॅलन्स करणाऱ्या टायरवाल्याकडून पाच-पाच ग्रॅमचे दहा चिकट तुकडे आणून नाकात लावले. त्यानंतर विमान सरळ आणि शांत उडू लागले. तथापि सुमारे तेराशे ग्रॅमच्या विमानावर पन्नास ग्रॅमचे निरुपयोगी ओझे लादल्यामुळे ते उतरताना वेग सोडत नसे, आणि चाकांची प्लायची पाटी दोनदा उखडली. प्रत्येक उड्डाणात ते ओझे बॅटरीच्या पैशांनी वर चढते, हा विचार मला स्वस्थ बसू देत नव्हता.

जूनमध्ये दमट हवेने शेपटीवर इस्त्रीने चिकटवलेली प्लास्टिकची फिल्म सैल पडली. ती पुन्हा इस्त्री करण्याऐवजी पूर्ण सोलली, आणि सुटे भाग ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले. एलिव्हेटरचे दोन अर्धे भाग मापाने अगदी सारखे होते. एक भरला ५ ग्रॅम, दुसरा ९. आडवे स्थिर शेपूट ३७ ग्रॅमचे निघाले, तर त्याच मापाच्या हलक्या बाल्साचे २८ ग्रॅमचे झाले. उरलेले ३ ग्रॅम माझ्याच हातचे होते, कारण जिथे पातळ सीए (झटपट चिकटणारा गोंद) पुरला असता तिथे मी इपॉक्सी हा जड गोंद थापला होता. एकूण सोळा ग्रॅम! सीजीपासून शेपूट ६६ सेंमी मागे आणि फायरवॉल २२ सेंमी पुढे असल्याने शेपटीतल्या एका ग्रॅमला नाकात तीन ग्रॅम द्यावे लागतात. म्हणजे ४८, जवळजवळ पन्नासच.

त्यामुळे पुस्तिकेवरचा माझा आरोप मी मागे घेतो. तिच्यातला आकडा बरोबर आहे. किटची आखणीही उत्तम आहे, हे आता डिसेंबरापेक्षा अधिक खात्रीने सांगू शकतो, कारण नवे शेपूट लावून सर्व तुकडे काढल्यावर हेच विमान इतके हळू उतरते, की चाकांच्या पाटीला मी पुन्हा हात लावलेला नाही. दोष आहे तो फळ्या न निवडता, न तोलता पेटीत भरण्याचा. बाल्साच्या एका फळीचे वजन त्याच मापाच्या दुसरीच्या दुप्पटही असू शकते, आणि जड फळी नेमकी शेपटीच्या वाट्याला घालणे हा निव्वळ आळस आहे. हे किट घेणाऱ्याने गोंदाची बाटली उघडण्यापूर्वी शेपटीचा प्रत्येक भाग तोलून पाहावा. हलक्या फळीचे पैसे मी पदरचे घातले. काट्यावरच्या दोन्ही एलिव्हेटरांचे फोटो विक्रेत्याला पाठवून तीन आठवडे झाले, आणि अद्याप उत्तर आलेले नाही.