बॅटरीला चिमटे लावून चालणारा हवेचा पंप आणि पंक्चर किट, दीड वर्ष वापरून

आधीच सांगतो, हा पंप मी हौसेने घेतलेला नाही. भंडारदऱ्याकडे रतनवाडीवरून साम्रदला जाताना संध्याकाळी मागचं डावं चाक बसलं, बघतो तर बैलाच्या पत्रीचा खिळा आरपार घुसलेला. पंक्चर काढायला दहा मिनिटं लागली, त्याचं काही नाही. पण हवा भरायला गाडीत होता तो लायटरच्या सॉकेटला लावायचा हजार रुपयांचा छोटा पंप, तो अकरा-बारा मिनिटं करवादला, जळका वास आला आणि सॉकेटचा फ्यूज उडाला, म्हणजे पंपही गेला आणि मोबाईल चार्जिंगही गेलं. शेवटी वाडीतल्या एका दादांनी पायाने मारायचा पंप आणून दिला आणि आम्ही तिघं आळीपाळीने मारत बसलो. आपले टायर 255/65 आर 18, त्यात पायपंपाने हवा भरणं म्हणजे वाटीने विहीर उपसणं. तंबू लावेपर्यंत साडेदहा वाजले, खिचडी कच्चीच खाल्ली.

त्या छोट्या पंपाचा तसा दोष नाही म्हणा. लायटरच्या सॉकेटला बऱ्याच गाड्यांत 10 ते 15 अँपचा फ्यूज असतो, म्हणजे 12 व्होल्टवर फार तर 120 ते 180 वॅट मिळणार, तेवढ्यात एवढा मोठा टायर कसा भरणार. म्हणून घरी आल्या आल्या ऑनलाइन हा दुसरा मागवला, साडेचार हजारांच्या आसपास पडला. थेट बॅटरीला लाल-काळे चिमटे लावायचे, वायरीतच 30 अँपचा फ्यूज आहे, अंगाने जड, खाली रबराचे पाय. 18 वरून 32 पीएसआयला यायला एका चाकाला साधारण चार मिनिटं घेतो, चारही चाकं धरून वीस-बावीस मिनिटं, त्यात मध्ये एकदा थंड होऊ द्यायचा वेळ आला. इंजिन चालू ठेवूनच लावायचा, नाहीतर हवा भराल आणि गाडी ढकलत बसाल.

आता तुम्ही म्हणाल हवा कमी करायचीच कशाला. दगडगोट्यांच्या आणि चिखलाच्या रस्त्यावर मी 20 पर्यंत उतरवतो, टायर पसरतो, पकड वाढते आणि मुख्य म्हणजे पाठीचे मणके जागेवर राहतात. फार खाली नाही न्यायची, 15 च्या खाली गेलात आणि जोरात वळवली तर टायर रिमवरून सुटायची भीती. आणि डांबरी लागली की परत भरायची, कमी हवेवर ऐंशीने पळवली तर टायर तापून वाट लागते. कितीवर भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, थंड टायरचा आकडा असतो तो.

कुरकुर कुठे? एक म्हणजे पंपावरचा काटा, तो 3-4 पीएसआय जास्तच दाखवतो, मी त्याच्यावर विश्वास ठेवणं सोडलं, पेनासारखा वेगळा मीटर खिशात असतो. दुसरं, पाइपचं टोक व्हॉल्ववर आटे फिरवून बसवायचं आहे, काढताना फुस्स करून थोडी हवा जातेच, त्यात पितळ एवढं तापतं की पहिल्या वेळी अंगठ्याला फोड आला, म्हणून आता जुना हातमोजा पिशवीतच ठेवलाय. तिसरं, पहिल्याच आठवड्यात पाइपच्या जोडातून हवा गळायला लागली, विकणाऱ्याला कळवलं तर त्याने फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, बिल पाठवा करत महिना घालवला. नळाच्या दुकानातून वीस रुपयांची टेफलॉन टेप आणून आट्यांना गुंडाळली, तेव्हापासून थेंबभर हवा गळत नाही.

सोबत जे पंक्चर किट आलं ते मात्र टाकाऊ. टोच्याला प्लास्टिकची मूठ होती, दुसऱ्या पंक्चरला मुठीतून दांडा निसटला आणि तळहात सोलला. घ्यायचंच तर टी आकाराची लोखंडी मूठ असलेलं घ्या. पंक्चर काढायची रीत सोपी आहे, खिळा कुठल्या कोनात घुसलाय ते बघून मगच उपटायचा, त्याच कोनात कानशीसारखा टोचा आठ-दहा वेळा आतबाहेर करायचा, रबराची पट्टी सुईत ओवून, तिला सोल्यूशन लावून अर्धा इंच शेपूट बाहेर राहील एवढी आत ढकलायची आणि सुई एका झटक्यात ओढायची. हळू ओढली की पट्टीही बाहेर येते, हे मी दोनदा शिकलोय. वर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा येतो का बघायचं, नाही आला की शेपूट कापायचं. सोल्यूशनची ट्यूब एकदा उघडली की पुढच्या ट्रिपपर्यंत वाळतेच, नवीन ठेवा, पट्ट्याही उन्हात तापलेल्या गाडीत वर्षभरात कडक होतात. आणि हे सगळं घरी पोचेपर्यंतचं, नंतर दुकानात आतून पॅच मारून घ्यायचा.

हे चालतं फक्त जमिनीला टेकतो त्या भागाला. आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण धारदार, तो टायरची बाजू चिरतो, आणि बाजूला चीर गेली की पट्टीबिट्टी विसरा, स्टेपनीच. त्यासाठी दोन फुकटातल्या गोष्टी सांगतो. एक फूटभर रुंद, इंच-दीड इंच जाड फळी जॅकखाली, नाहीतर ओल्या मातीत जॅकच खाली जातो आणि गाडी तिथेच राहते. आणि दोन फूट लोखंडी पाइपचा तुकडा पान्याच्या दांड्यावर चढवायला, कारण दुकानवाले मशीनने नट एवढे आवळतात की आखूड पान्याने हलत नाहीत. नट ढिले करायचे ते चाक जमिनीवर असतानाच, उचलल्यावर नाही, आणि तिरप्या समोरच्या चाकाला दगड लावून. स्टेपनीतली हवा निघायच्या आदल्या दिवशी बघा, आमच्या एका मित्राची स्टेपनी गरजेच्या वेळी 9 पीएसआयला निघाली, तेव्हा हाच पंप कामी आला.

अजून एक, भंडारदऱ्याकडचा तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, तर हवा कमी केली म्हणून रस्ता सोडून कुठेही गाडी घालू नका, गवतातल्या दगडाने टायर फाटेल ते वेगळंच आणि वनखात्याची पावती फाटेल ती वेगळी.

पाचपैकी चार देतो, एक काट्याचा कापला. पिशवीची चेन सहा महिन्यांत गेली, पंप आता तेलाच्या चौकोनी डब्यात राहतो आणि तिथे जास्त सुखात आहे. सॉकेटचा फ्यूज बदलल्यावर जुना छोटा पंप चालायला लागला, तो वहिनींना दिला, स्कूटीचं चाक गाडीच्या सॉकेटवरून दोन मिनिटांत भरतो, खूश आहेत.